वजन कमी करायचे, मग फळे खायची की टाकायची?

वजन उतरवायचे ठरले की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड केळ्यावर पडते. त्यानंतर आंबा, मग चिकू, सीताफळ, द्राक्षे असे करत करत सगळी गोड फळे घरातून हद्दपार होतात. ज्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या रस्त्याला दुतर्फा केळीच्या बागा उभ्या आहेत, तेथेच 'केळ्याने अंग सुटते' म्हणून केळे सोडणारी आणि घरात केळ्याच्या वेफर्सचा डबा मात्र भरलेला ठेवणारी मंडळी रोज भेटतात. दुसऱ्या टोकाला, महिनाभर केवळ फळांवर राहून दहा किलो वजन कमी करण्याचा संकल्प सोडणारेही आहेत.

दोन्ही गटांतील रुग्ण शेवटी एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर साहेब, वजन कमी करायचे तर फळ लागतेच का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात दिले तर ते अर्धवट ठरेल. म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर.

हा विषय केवळ शहरी हौशी लोकांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. आपल्या लोकांत मधुमेह व हृदयविकार तुलनेने कमी वजनावरच सुरू होतात. म्हणून भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा समजावा, असे ठरवण्यात आले आहे. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजनकाटा नसेल, तर शिंप्याची टेप पुरेशी आहे.

शरीराला फळ लागते का?

काटेकोरपणे सांगायचे तर शरीराला 'फळ' लागत नाही. शरीराला लागतात ती प्रथिने, काही स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार, पाणी आणि पोट साफ ठेवणारा चोथा. ही द्रव्ये कोणत्या पदार्थातून आली याच्याशी शरीराला कर्तव्य नसते.

फळांचा सर्वात जुना मान आहे तो 'क' जीवनसत्त्वामुळे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरील डॉक्टरने हिरड्या सुजून रक्त येणाऱ्या, स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी काही दिवसांतच उठून कामाला लागण्याजोगी झाली. माणसाचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, ते बाहेरूनच घ्यावे लागते. पण ते फक्त फळांतच असते असे नाही. शेवग्याचा पाला, कोबी, ढोबळी मिरची, कोथिंबीर, एवढेच काय हिरव्या मिरचीतही ते भरपूर असते. शिजवताना त्यातला बराच भाग नष्ट होतो, म्हणून काही भाज्या कच्च्या खाव्यात.

तेव्हा जो माणूस रोज दोन्ही वेळा भरपूर भाजी, पालेभाजी आणि ताटभर कोशिंबीर खातो, तो फळांवाचूनही निरोगी राहू शकतो आणि वजनही कमी करू शकतो. फळ अपरिहार्य नाही, हे उत्तराचे पहिले अर्धे.

आता दुसरे अर्धे. असा माणूस किती घरांत आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या आहारासाठी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. आपल्या ताटातली भाजी एकदा तोलून पाहावी. बहुतेक घरांत दोन्ही वेळची मिळून ती २०० ग्रॅमही भरत नाही, आणि त्यातही निम्मा बटाटा असतो. शिवाय आपल्या भाजीला फोडणी लागते, दाण्याचा कूट लागतो, खोबरे लागते. फळाला यातले काहीच लागत नाही. ते धुवायचे आणि खायचे. ना तेल, ना मीठ, ना गॅस. वजनाच्या दृष्टीने फळाचा हा मोठा गुण आहे आणि त्याकडेच आपले लक्ष जात नाही.

हिशेब उष्मांकांचा

वजन वाढते ते गोड चवीने नव्हे, तर खर्चापेक्षा जादा उष्मांक पोटात गेल्याने. म्हणून आकडे पाहू. खाण्याजोग्या १०० ग्रॅम गरात टरबुजात सुमारे ३०, पपईत ४०, संत्र्यात ४५ ते ५०, सफरचंदात ५० ते ६०, पेरूत ५० ते ६५, आंब्यात ६० ते ७०, द्राक्षांत ७०, चिकूत ८० ते ९५ आणि केळे व सीताफळ यांत १०० च्या आसपास उष्मांक असतात.

आता दुसरी बाजू. १०० ग्रॅम शेवेत ५५० च्या आसपास, तेवढ्याच केळ्याच्या वेफर्समध्ये ५०० च्या वर, शेंगदाण्यांत साधारण ५६० आणि ग्लुकोजच्या बिस्किटांत ४५० च्या आसपास उष्मांक भरतात. तेलाचा एक मोठा चमचा १२० उष्मांकांचा असतो. म्हणजे शेवभाजीच्या एका वाटीवर जो लाल तवंग तरंगतो, त्यातले दोन चमचे तेल हे दोन केळ्यांच्या बरोबरीचे आहे. पण तवंगाकडे कोणी संशयाने पाहत नाही. संशय केळ्यावर, कारण ते गोड!

याचा अर्थ शेव किंवा शेंगदाणा वाईट असा नव्हे. शेंगदाण्यात चांगली प्रथिने आहेत. पण मूठभर आणि वाटीभर यांत फरक आहे, एवढे ध्यानात असावे.

आमच्या तालुक्याच्या गावातील शाळेतल्या एक बाई गेल्या वर्षी दवाखान्यात आल्या. वय ४६, वजन ७४ किलो, गुडघे दुखतात, रक्तदाब थोडा चढा. सहा महिन्यांपासून भात, केळी, आंबा सर्व बंद, तरी काटा हलत नव्हता. "सकाळी काय घेता, ताई?" पासून सुरुवात करून दिवसभराचे सारे कागदावर लिहून काढले. दुपारी चारच्या सुट्टीत चहाबरोबर दोन खारी आणि मूठभर फरसाण, घरी गेल्यावर स्वयंपाक होईपर्यंत पुन्हा थोडा चिवडा, असा हिशेब निघाला. एवढ्याचेच ४५० पेक्षा जास्त उष्मांक होत होते. त्यांनी फळ सोडले होते, पण भूक कुठे सोडली होती? फळाच्या जागी फरसाण येऊन बसले होते. त्यांना चारला एक पेरू किंवा केळे आणि स्वयंपाकाआधी एक वाटी ताक, एवढाच बदल सुचवला. जेवणाचे ताट तेच ठेवले, संध्याकाळचे चालणे वाढवले. पाच महिन्यांत साडेचार किलो वजन उतरले. हा आकडा जाहिरातीत शोभण्यासारखा नाही, पण गुडघ्यांना तो कळला.

पोट भरते कशाने?

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थांचा अभ्यास केला. प्रत्येक पदार्थ सारख्याच उष्मांकांचा खायला देऊन पुढील दोन तास पोट किती भरल्यासारखे वाटते याची नोंद घेतली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७, द्राक्षांना १६२ आणि केळ्याला ११८ गुण मिळाले. सर्वात वर होता उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. तळाशी केक, डोनटसारखे गोड व तुपकट पदार्थ होते. म्हणजे तेवढ्याच उष्मांकांत संत्रे पावाच्या दुप्पट पोट भरते. याचे कारण त्यातले पाणी, चोथा आणि चावण्यास लागणारा वेळ.

हा चोथा किती मोलाचा आहे हे त्याआधीच, १९७७ मध्ये, इंग्लंडमधील एका प्रयोगाने दाखवले होते. दहा जणांना एकदा अख्खी सफरचंदे, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा गाळलेला रस दिला. तिन्हींतली साखर सारखीच. रस अख्ख्या फळाच्या अकरा पट वेगाने पोटात गेला आणि समाधान सर्वात कमी झाले. शिवाय रसानंतर रक्तातील साखर चढून नंतर झपकन खाली आली. अख्ख्या फळानंतर तसे झाले नाही. साखर झपकन खाली आली की पुन्हा काहीतरी खावेसे वाटते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे.

म्हणून रसाला मी फळ समजत नाही. एका पेल्यात तीन-चार मोसंब्यांचा रस निघतो. गाडीवाला वरून साखरेचे दोन चमचे टाकतो, तो वेगळाच. चार मोसंबी सोलून बसल्या बैठकीला कोणी खात नाही, रस मात्र अर्ध्या मिनिटात संपतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ च्या साखरेविषयीच्या मार्गदर्शनात अख्ख्या फळातील साखर मर्यादेच्या यादीत धरलेली नाही, पण रसातील साखर मात्र वरून घातलेल्या साखरेच्या पंक्तीत बसवली आहे. आजारी माणसाला भेटायला जाताना रसाचे पुडके नेण्याची पद्धत पडली आहे, तीही सोडायला हरकत नाही.

फळ खाल्ल्याने वजन घटते का?

फळाच्या अंगी चरबी जाळण्याची जादू नाही. लिंबूपाणी, अननस, पपई यांपैकी काहीही चरबी वितळवत नाही. हा दावा कोणी केला तर हसून सोडून द्यावा.

मात्र जे लोक वर्षानुवर्षे फळे खातात त्यांचे वजन काय होते, हे पाहिले गेले आहे. अमेरिकेतील १ लाख ३३ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांवर २४ वर्षे ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोजच्या आहारात एका फळाच्या मापाची भर घातली, त्यांचे वजन दर चार वर्षांत इतरांच्या तुलनेत सुमारे पाव किलोने कमी राहिले. पाव किलो म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण एका साध्या सवयीकडून याहून जास्त अपेक्षा का करावी? शिवाय फळे खाणारी माणसे बहुधा चालतात-फिरतातही जास्त, तेव्हा सारे श्रेय फळाला देता येणार नाही. फळांनी वजन वाढत नाही, एवढे मात्र यातून नक्की दिसते.

येथे एक अट आहे आणि ती विसरली तर सारा हिशेब चुकतो. फळ 'ऐवजी' खावे, 'शिवाय' खाऊ नये. चारच्या फरसाणाऐवजी केळे खाल्ले तर फायदा. दोन्ही वेळचे पोटभर जेवण, फरसाण आणि त्याशिवाय पौष्टिक म्हणून चार केळी खाल्ली, तर रोजचे ४०० उष्मांक जादा झाले. ते अंगावर दिसणारच.

आंब्यावरचा आरोप

उन्हाळ्यात दोन किलो वजन वाढले की दोष आंब्याला दिला जातो. एका वाटी आमरसात सव्वाशेच्या आसपास उष्मांक असतात. त्यात दोन चमचे साखर घातली की ४०, वर चमचाभर तूप सोडले की ४५, आणि त्याबरोबर चार पुऱ्या खाल्ल्या की ४०० च्या घरात. शिवाय रस म्हटला की वाटी एकावर थांबत नाही आणि जेवणानंतर दोन तास झोप ठरलेली. एवढ्या सगळ्यांत शिक्षा एकट्या आंब्याला! जेवणात एक पोळी कमी करून एक मध्यम आंबा कापून खाल्ला, तर वजनवाल्यांनी हंगाम चुकवण्याचे कारण नाही.

शिकरणाचेही तेच. केळे आणि दूध ठीक, साखर कशाला? पिकलेले केळे स्वतःच गोड असते.

उपवासाचा तर प्रकारच न्यारा. फराळ हा शब्दच मुळी फलाहारावरून आला आहे, पण फराळाच्या ताटात फळ शोधावे लागते. ७५ ग्रॅम साबुदाण्याचे २६०, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाचे १७० आणि दोन चमचे तुपाचे ९० धरले, तर खिचडीची एक बशी ५२० उष्मांकांना पडते. भाकरी, भाजी आणि वरण यांचे नेहमीचे बेताचे जेवण याहून हलके असते. आषाढीला, चतुर्थीला ज्यांना उपवास करायचाच आहे त्यांनी शब्दाला जागून फळे आणि दूध-ताक घ्यावे. व्रतही पाळले जाईल आणि वजनही.

केवळ फळांवर राहणे

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. लग्न ठरलेली एक २३ वर्षांची मुलगी पाच आठवडे फक्त फळे आणि पाण्यावर राहिली. वजन सहा किलो उतरले. घरचे खूष होते. पुढे जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती पडली, तेव्हा तिला आणले. नाडी मंद, रक्तदाब कमी, हिमोग्लोबिन ८. तिच्या आईने हलक्या आवाजात केस गळत असल्याचेही सांगितले. फळांत प्रथिने नावापुरतीच असतात, लोह फार थोडे आणि ब-१२ जीवनसत्त्व मुळीच नसते. प्रथिने मिळाली नाहीत की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. काट्यावर दिसणाऱ्या सहा किलोंत पाणी आणि स्नायू यांचा मोठा वाटा होता. डाळ, अंडी, दही, भाकरी सुरू केल्यावर ती हळूहळू सावरली. 'लग्नात बारीक दिसायला हवे' या हट्टापायी मुलींच्या शरीराशी असा खेळ करू नये, ही पालकांना कळकळीची विनंती.

अलीकडे भूक कमी करणारी वजनाची इंजेक्शनेही आली आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. घेणाऱ्यांचे खाणे मुळात कमी होते आणि बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्यांनी आधी प्रथिने, मग भाजी आणि मग एखादे चोथ्याचे फळ असा क्रम ठेवावा.

कोणी जपावे?

मधुमेहींना फळे पूर्ण बंद, असा समज घट्ट रुजला आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये नव्याने मधुमेह झालेल्या ६३ जादा वजनाच्या रुग्णांचे दोन गट करून एका गटाला रोज किमान दोन आणि दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन फळे खाण्यास सांगितले. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या साखरेत फरक नव्हता. तेव्हा साखर आटोक्यात असेल तर पेरू, सफरचंद, संत्रे, जांभूळ, पपईच्या चार फोडी यांपैकी एक फळ एका वेळी जरूर खावे. केळे लहान किंवा अर्धे घ्यावे. साखर फार चढी असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र खरोखर सांभाळावे. केळे, संत्रे, मोसंबी, नारळपाणी यांतील पोटॅशियम त्यांच्या रक्तात साचून हृदयाला धोका होऊ शकतो. कमरख तर त्यांनी मुळीच खाऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, म्हणून गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारून घ्यावे.

किती, केव्हा, कोणते?

रोज १०० ते २०० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम किंवा दोन लहान फळे, पुरेशी आहेत. केळे-चिकू-सीताफळ यांपैकी एक घेतले तर दुसरे फळ हलके घ्यावे.

सफरचंद हे श्रीमंतांचे फळ आहे असे समजून गरीब माणूस फळांचा विचारच सोडून देतो. पण 'क' जीवनसत्त्वात सफरचंद पेरूच्या आसपासही येत नाही. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास 'क' असते, आणि दिवसाची गरज पुरुषांना ८० व स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे. एका पेरूत दोन माणसांची सोय होते. थंडीत पेरू, बोरे, आवळा व संत्री, उन्हाळ्यात टरबूज, पावसाच्या तोंडाला जांभळे, दसऱ्याच्या सुमारास सीताफळ, आणि केळे व पपई बारमाही. हंगामाचे, गावचे फळ स्वस्तही असते आणि ताजेही. बिस्किटाच्या पुड्याच्या पैशांत पुष्कळदा दोन केळी येतात.

साल खाण्याजोगी असेल तर काढू नये, चोथा तिथेच असतो. द्राक्षे भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावीत. फळावर साखर किंवा मीठ घालू नये. मनुका-खजूर ही पाणी उडालेली फळे असून १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास उष्मांक देतात, तेव्हा ती मोजूनच खावीत. फळ जेवणानंतर खाल्ल्यास पोटात सडते किंवा सूर्यास्तानंतर विष होते, हे खरे नाही. सर्वात चांगली वेळ म्हणजे जेव्हा आपला हात फरसाणाच्या डब्याकडे जातो ती.

तात्पर्य, फळ हे वजन उतरवण्याचे औषध नाही आणि वजन वाढवणारा चोरही नाही. ते भुकेच्या वेळी हाताशी असलेले स्वस्त, शिजवावे न लागणारे आणि पोट भरणारे अन्न आहे. ते सोडून त्या जागी तुम्ही काय खाता, यावर वजन ठरते.

वाचकांनी येत्या आठवड्यात एक छोटे काम करावे. दोन जेवणांच्या मध्ये जे जे तोंडात टाकाल, मग तो शेवेचा एक घास का असेना, ते एका कागदावर लिहून ठेवावे. सात दिवसांनी तो कागद स्वतःच वाचावा. केळे बंद करायचे की आणखी काही, याचे उत्तर त्या कागदावरच सापडेल.